भागीरथानं उतरवलेलं वजन

तांडापेठेत ताराचंद निमजे लांबूनच ओळखू यायचा. गल्लीच्या तोंडाशी सायकल हातात धरून पायी चालत येणारा रुंद माणूस दिसला की तो ताराचंद. सायकलवर बसणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. मागच्या चाकाच्या तारा दोनदा तुटल्या, तेव्हापासून ती नुसती डबा अडकवायला सोबत असायची.

दिवसा तो मिलमध्ये विणाई खात्यात असे, पण समाजात त्याचं नाव होतं मटणासाठी. कोष्ट्यांच्या कोणाच्याही घरी लग्न निघालं की अंगणात तीन दगडांवर मटण शिजवायचा मोठा गंज चढायचा आणि त्यापाशी ताराचंद उभा राहायचा, अंगात बनियन, खांद्यावर दुपट्टा. मसाला मात्र त्याच्या बायकोचा, भागीरथाचा. घरातला हातमाग सासऱ्याच्या माघारी मोडला, तेव्हा मागाचा खड्डा बुजवून तिथं तिनं चूल मांडली होती. पाट्यावर ती मसाला वाटायला बसली की शेजारच्या मैनाबाईच्या घरात शिंका सुरू व्हायच्या.

एकुलती मुलगी शामला लग्न होऊन उमरेडला गेली होती. घरात दोघंच उरली. त्यांचं फार बोलणं नसे. ताराचंद जेवून उठताना म्हणायचा, "आज जमलं," किंवा म्हणायचा, "आज नाही जमलं." तेवढ्यावर भागीरथाचा दिवस ठरायचा. जमलेलेच दिवस जास्त असत. सहा पोळ्या, वर भात, आणि रश्श्यावर बोटभर तेलाची तर्री. ती पातेलं त्याच्याकडे कलतं करायची म्हणजे तर्री त्याच्याच वाट्याला यावी.

१९७३ च्या दिवाळीनंतर मिलचा जिना चढताना त्याला धाप लागली आणि तो पायरीवरच बसला. दोघा जणांनी धरून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर गोपाळराव वस्तीतलेच. त्यांनी रक्तदाब पाहिला, काट्यावर उभं केलं. शहाण्णव किलो.

"ताराचंद, वर्षभरात वीस किलो उतरव," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्या वेळी तुला उचलायला चार माणसं लागतील, आणि ती दवाखान्यात आणणार नाहीत."

त्यांनी एक कागद लिहून दिला. उकडलेला दुधी, ताक, दोन फुलके, मटण बंद. भागीरथानं तो मैनाबाईच्या सुनेकडून वाचून घेतला आणि अक्षरन् अक्षर पाळला. चार दिवस ताराचंदनं मान खाली घालून दुधी खाल्ला. पाचव्या दिवशी तो मिलमधून उशिरा आला आणि भूक नाही म्हणाला. सदऱ्यावर पोटापाशी लाल डाग होता. भागीरथानं सदरा हातात घेतला, हुंगला. कोणत्या खानावळीचा मसाला आहे तेही तिला कळलं.

ती भांडली नाही. म्हणाली, "बाहेर काहून खाता? खायचंच आहे तं माह्या हातचं खा."

"तू तं उकडून देऊन राहिली," ताराचंद म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "असं खाऊन जगण्यापक्षा मेलेलं बरं वं."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर भागीरथा चुलीपुढे बसली आणि विचार करू लागली. शाळेची पायरी ती चढलेली नव्हती, पण स्वयंपाकातलं तिला कळत होतं. रश्श्यात माणसाला नेमकं आवडतं काय? तेल आवडतं की तेलानं आणलेला वास? तिनं कांदा आणि खोबरं तेलात परतायच्या ऐवजी निखाऱ्यात भाजलं. खोबरं निम्म्यावर आणलं, त्या जागी भाजलेलं ज्वारीचं पीठ घातलं. मटण संध्याकाळीच शिजवून गार पाण्याच्या परातीत ठेवायचं, सकाळी वर गोठलेली चरबी पळीनं काढून टाकायची. आणि सगळ्यात शेवटी एका लहानशा कढलीत एकच चमचा तेल तापवून त्यात तिखट सोडायचं आणि ते वरून फिरवायचं, म्हणजे डोळ्यांना लाल दिसतं आणि जिभेला आधी तेच लागतं.

ताराचंदनं पहिला घास घेतला. थांबला. दुसरा घेतला.

"जमलं," तो म्हणाला. मग संशयानं वाटीत पाहिलं. "तेल किती टाकलं?"

"एक चमचा."

"खोटं नको सांगू."

"तुमची शपथ जी."

त्या दिवसापासून त्या घराचा सारा नूर पालटला. ताराचंद मिलमधून आला की हातपाय धुऊन चुलीपाशीच बसायचा. पूर्वी लग्नाच्या गंजापुढे उभा राहणारा हा माणूस आता पाव किलो मटणापुढे बसून भागीरथाशी तासभर चर्चा करायचा. लाखोळीची डाळ पातळ करावी की घट्ट, अंबाडीच्या भाजीत कण्या किती घालाव्यात, पाटवडी थापताना ताटलीला तेलाचा हात किती लावावा. मटण आठवड्यातून एकदाच, चार फोडी आणि एक नळी. ती नळी तो अर्धा तास चोखत बसायचा. सहा पोळ्यांच्या जागी दीड भाकर आली. ती लवकर संपू नये म्हणून तो घास बारीक करू लागला, आणि मग म्हणू लागला, "भागीरथा, मी आजवर खाल्लंच नाही वं. नुसतं गिळलं."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. इतकं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता.

दर रविवारी वजन व्हायचं ते केशवच्या लाकडाच्या टालीवर. डॉक्टरांचा काटा खोटा आहे असं ताराचंदचं म्हणणं होतं. टालीवरच्या तराजूच्या साखळ्या धरून तो एका पारड्यात बसायचा आणि केशव दुसऱ्या पारड्यात वजनं चढवायचा. भोवती गल्ली जमायची. कोणी म्हणे, "केशव, सागाच्या भावात टाक गा!" ताराचंद स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. भागीरथा लांब, कुंपणाच्या बाहेर पदर तोंडाशी धरून उभी असायची आणि आकडा ऐकून घरी परतायची. होळीला नव्वद. आखाडीला चौऱ्याऐंशी. दिवाळीला एकोणऐंशी. तो पुन्हा सायकलवर बसून मिलमध्ये जाऊ लागला.

डॉक्टर गोपाळरावांनी तिला दवाखान्यात बोलावून घेतलं. बाकावर बसलेल्या पेशंटांसमोर म्हणाले, "ही बाई पाहा. मी वीस वर्षं लोकांना खाऊ नका म्हणतो, कोणी ऐकत नाही. हिनं खाऊ घालून वजन उतरवलं."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी परक्यानं भागीरथाचं असं कौतुक केलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिच्याभोवती बसल्या. कांदा कसा भाजते, चरबी कशी काढते, विचारू लागल्या. ती सांगायची, आणि शेवटी न चुकता म्हणायची, "माह्या हातानं उतरवलं मी त्याईचं वजन." चार जणी तर दुपारी तिच्या चुलीपाशी शिकायला येऊ लागल्या. त्या एका हिवाळ्यात ती पाठ ताठ ठेवून चालत होती, असं मैनाबाई पुढे कित्येक वर्षं सांगायची.

१९७५ च्या होळीला काटा पंच्याहत्तरवर आला. डॉक्टर म्हणाले, "बस. आता इथंच थांबा."

पण काटा थांबला नाही. पुढच्या पंधरवड्यात बहात्तर झाले. भागीरथानं गुढीपाडव्याला ते आकडे बायकांना सांगितले, अभिमानानंच सांगितले. ताराचंद आता दीड भाकरीतली अर्धी ताटात ठेवू लागला होता. तिला वाटलं, सवय लागली. एकदा तिनं विचारलंही, "पोट भरलं का जी?"

"भरलं," तो म्हणाला. "आता थोडक्यातच भरते."

त्याच्या पोटात वरच्या बाजूला दुखायचं. हे त्यानं तिला सांगितलं नाही. मिलमध्ये सोबतच्या माणसाला त्यानं सांगितलं होतं, पण हसत हसत, की आतडी लहान झाली असतील, धुतलेल्या कोऱ्या कपड्यासारखी आटली असतील. आणि आणखी एक म्हणाला होता, की घरी सांगितलं तर बायको मटण बंद करेल.

मे महिन्यात मैनाबाई अंगणात गहू वाळवत बसली होती. ताराचंद नळावर तोंड धूत होता. तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि भागीरथाला बोलावून हळूच म्हणाली, "भागीरथा, राग नको मानू. तो बारीक नाही होऊन राहिला. झिजून राहिला."

"तुमच्या डोळ्यात येते का त्याईचं चांगलं झालेलं?" भागीरथा ताडकन बोलली आणि आत गेली.

आत जाऊन तिनं चूल पेटवली. मग तेलाचा डबा काढला. त्या दिवशी तिनं दीड वर्षानंतर कांदा तेलात परतला, खोबरं पूर्ण घातलं, रश्श्यावर बोटभर तर्री आणली. ताराचंद ताटाकडे पाहून हसला. "आज काय आहे वं?" त्यानं आवडीनं दोन घास घेतले, तिसरा तोंडात घोळवला, आणि मोरीकडे पळाला. भागीरथा रोज तसंच रांधू लागली. भाकरीवर तूप, डाळीत तूप, शिरा. तिला वाटायचं, आपण उतरवलं तसं आपणच चढवू. काटा अडुसष्टवर आला, मग चौसष्टवर. नंतर ताराचंद टालीवर गेला नाही.

जूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ चंपतराव त्याला रिक्षात घालून मेडिकलला, मोठ्या सरकारी दवाखान्यात, घेऊन गेला. भागीरथा सोबत होती. तरुण डॉक्टर होता. पोट चाचपून झाल्यावर कागदावर लिहू लागला.

"वजन कधीपासून कमी होतंय?"

"दीड वर्ष झालं जी," भागीरथा म्हणाली. आणि सवयीनं पुढचं वाक्यही तिच्या तोंडून निघून गेलं. "मीच उतरवलं."

डॉक्टरची लेखणी थांबली. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. चंपतराव खाली जमिनीकडे पाहत होता.

जठरात गाठ होती. आठ दिवसांनी पोट उघडलं आणि पाहून तसंच शिवून टाकलं. चंपतरावाला बाजूला घेऊन डॉक्टरनं जे सांगितलं ते भागीरथानं दाराआडून ऐकलं. ती बाहेर आली.

"आधी आणलं असतं तं?"

"आधी म्हणजे किती आधी, त्यावर आहे बाई. या रोगात माणूस आधी बारीकच होतो. पण तुमच्याकडे तर ते मुद्दाम चाललं होतं. कोणाच्याच लक्षात आलं नसतं."

"कोणत्या महिन्यापासून?" भागीरथानं विचारलं. "मी उतरवलं ते किती, अन् या गाठीनं उतरवलं ते किती?"

डॉक्टरला प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर तो म्हणाला, "ते सांगता येत नाही."

ताराचंदला घरी आणलं. आता त्याला पातळ पेज आणि मोसंबीचा रस, तेही चमच्यानं. शामला उमरेडहून आली. एका दुपारी त्यानं भागीरथाला जवळ बोलावलं.

"मटण कर. जुन्यासारखं. तर्रीवालं."

"खाववणार नाही तुमच्यानं."

"वास तं घेऊ दे."

तिनं केलं. चंपतराव अर्धा किलो मटण घेऊन आला. तिनं पाट्यावर मसाला वाटला, काही राखून ठेवलं नाही. साऱ्या गल्लीत वास गेला. आजारी माणसाच्या घरातून असा वास यावा याचं काहींना नवल वाटलं. शामलानं बापाला टेकवून बसवलं. भागीरथानं वाटी त्याच्या तोंडाजवळ नेली. त्यानं डोळे मिटून वास घेतला, बोट बुडवलं, चोखलं.

"मीठ नाही," तो म्हणाला.

भागीरथानं चाखून पाहिलं. मीठ बरोबर होतं. तिनं चिमूटभर आणखी घातलं.

"नाही लागत."

तिनं आणखी घातलं. मग आणखी. ताराचंद प्रत्येक वेळी बोट चोखायचा आणि मान हलवायचा. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा हट्ट होता, आणि भीतीही होती, की ही जीभ आपलीच आहे ना. पाचव्या की सहाव्या वेळी तो थकला. तिच्याकडे पाहून म्हणाला, "हां. आता जमलं."

ते त्याला खरंच लागलं, की तिच्यासाठी म्हणाला, कोणास ठाऊक. तो झोपल्यावर भागीरथानं ते पातेलं समोर घेतलं. शामला म्हणाली, "आई, फेकून दे. खारट झालं." भागीरथानं ऐकलं नाही. भाकर कुस्करून ती तो रस्सा खात राहिली, पाणीसुद्धा न पिता, पातेलं रिकामं होईस्तोवर.

पोळ्याच्या आधी चार दिवस ताराचंद गेला. एकोणपन्नास वर्षांचा होता. उचलताना चंपतरावाच्या तोंडून नकळत निघालं, "काहीच नाही राहिलं गा याच्यात." भागीरथा तिथंच उभी होती.

शामलानं तिला उमरेडला नेलं. दोन महिन्यांत ती परत आली. जावयाच्या घरी सगळं चांगलं होतं, पण तिथं चुलीवर फोडणी पडली की ती उठून बाहेर जाऊन उभी राहायची, आणि लोकांना ते बरं दिसेना. तांडापेठेतल्या घरी ती भाकर भाजायची आणि कांदा किंवा मिठासोबत खायची. पाटा भिंतीला उभा करून ठेवला होता.

डॉक्टर गोपाळरावांकडे ती तीनदा गेली. तिन्ही वेळा तोच प्रश्न. तिसऱ्या वेळी त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, "भागीरथाबाई, पहिले सतरा किलो तुमचेच होते. दिवाळीपर्यंतचे. मी पाहत होतो ना त्याला. तेव्हा तो चांगला होता."

"कशावरून जी?"

गोपाळरावांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"तुमी पायत होते," ती म्हणाली. "मी बी पायत होती. रोज दोन टाइम समोर बसून पायत होती." आणि उठून चालू लागली.

शिकायला येणाऱ्या चार बायकांनी येणं बंद केलं होतं. दोघींनी तर घरी पुन्हा तेल वाढवलं, असं म्हणतात. पण १९७८ मध्ये गल्लीत नवीन आलेली पुष्पलता तिच्याकडे आली. पस्तिशीची, दोन लेकरांची आई, गुडघ्यांनी बेजार, अंगानं जड. कोणीतरी तिला भागीरथाचं जुनं नाव सांगितलं होतं.

"मावशी, मले बी शिकवा ना. खाल्ल्याशिवाय मले जमत नाही."

"मले काही नाही येत," भागीरथा म्हणाली.

पुष्पलता आठवडाभर येत राहिली. शेवटी भागीरथा म्हणाली, "मेडिकलले जा. सगळं दाखव. पोट दाखव, रक्त दाखव, फोटो काढ. कागद आण. मग पाहू."

पुष्पलता खरंच गेली. दोन दिवस रांगेत उभी राहून तपासून आली आणि कागद घेऊन दारात उभी राहिली. काही नव्हतं. भागीरथानं तिला ते दोनदा वाचायला लावलं, मग मैनाबाईच्या सुनेला बोलावून तिसऱ्यांदा वाचून घेतलं. मग पाटा आडवा केला.

तिनं शिकवलं, आणि जीव ओतून शिकवलं. निखाऱ्यातला कांदा, गोठलेली चरबी, शेवटचा एक चमचा. पुष्पलता चाखून म्हणाली, "बाप्पा मावशी, हे तं खानावळीपक्षा भारी आहे." तेव्हा भागीरथा किंचित हसली असं पुष्पलता सांगते. दीड महिन्यात पुष्पलताचे तीन किलो उतरले. ती नाचतच सांगायला आली.

भागीरथाच्या हातातली परात खाली ठेवता ठेवता पडली.

"पोटात दुखते का?"

"नाही."

"भूक लागते? खरं सांग. जेवण उरते का ताटात?"

"मावशी, मी चांगली आहे. कागद पाहिले ना तुमी?"

"ते कागद तवाचे आहेत," भागीरथा म्हणाली. तिनं पुष्पलताचं मनगट धरलं, दंड चाचपला, डोळ्यांच्या खालची कातडी ओढून पाहिली. मग मैनाबाईकडून तूप मागून आणलं, भाकरीवर ओतलं आणि तिच्यापुढे धरलं. "खा. माह्यासमोर खा."

पुष्पलता घाबरली. तिनं तुकडा मोडला, चार घास कसेबसे खाल्ले. भागीरथा एकेक घास घशाखाली उतरेपर्यंत तिच्या गळ्याकडे पाहत होती. "बस झालं तुहं वजन उतरवणं," ती म्हणाली. "आता नको येऊ." पुष्पलता उठली, आणि त्यानंतर ती त्या घरी गेली नाही. रस्त्यात दिसली की मात्र भागीरथा तिला थांबवून, न बोलता, पायापासून डोक्यापर्यंत पाहून घ्यायची.

पुढची सहा वर्षं भागीरथा गांधीबागेतल्या एका खानावळीत पोळ्या लाटायला जात होती. मालक भैय्याजी चांगला माणूस. त्याला तिच्या मसाल्याची कीर्ती माहीत होती; त्यानं दोनदा विचारलं, ती नाही म्हणाली, त्यानं पुन्हा विचारलं नाही. आचारी नवीन होता. एकदा त्यानं रश्श्याची पळी तिच्यापुढे धरली, "मावशी, मीठ पाहता का जरा?"

"मले नाही समजत," ती म्हणाली, आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

१९८४ च्या हिवाळ्यात, पंधरा दिवसांच्या तापात ती गेली. शामला उमरेडहून पोचली तेव्हा सगळं झालं होतं. घरात भांडी थोडीच होती. पिठाचा डबा अर्धा भरलेला होता, मिठाची बरणी होती, चार कांदे होते. तेल नव्हतं.